टेस्टर खिशात ठेवा: इलेक्ट्रिशियनने इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये उतरताना

ट्रान्समीटरचं (प्रेशर, तापमान वगैरे मोजून त्याचा सिग्नल पाठवणाऱ्या यंत्राचं) मागचं झाकण फिरवून काढलं की आत दोनच वायरी दिसतात. एक प्लसला, एक मायनसला. चोवीस व्होल्ट डीसी. चारशे पंधरा व्होल्टच्या पॅनेलमध्ये हात घालून काम केलेल्या माणसाला वाटतं, यात काय आहे एवढं? मलाही तसंच वाटलं होतं. मोटारी, स्टार्टर, केबल जॉइंट, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) यांत सहा वर्षं घालवून मी एका साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात आलो होतो.

हंगाम ऐन भरात होता, रात्रपाळी होती. बॉयलरच्या ड्रम लेव्हलचं रीडिंग डुलतंय म्हणून मला बघायला पाठवलं. मी सवयीने मीटर काढला आणि करंट मोजायला प्लसची वायर सोडवली. कंट्रोल रूममध्ये त्या क्षणी ड्रमची पातळी तळाला गेलेली दिसली. त्या बॉयलरवर ट्रिपसाठी, म्हणजे धोका दिसला की आपोआप बंद करण्यासाठी, तो एकच ट्रान्समीटर होता. बगॅस (उसाचा चोथा) फीडर थांबले, वाफेचं प्रेशर उतरलं, मागोमाग टर्बाइन आणि मग मिल. ड्रममध्ये पाणी अगदी जागेवर होतं. मी फक्त एक वायर काढली होती.

इलेक्ट्रिशियनची वायर ताकद नेते, इन्स्ट्रुमेंटची वायर बातमी नेते. म्हणून या कामात ‘सप्लाय आहे का’ याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या वायरीचं पलीकडे कोण ऐकतंय? नुसता इंडिकेटर, व्हॉल्व्ह हलवणारा कंट्रोलर, की प्लांट बंद करणारा इंटरलॉक? पुढचं सगळं या प्रश्नाला धरून आहे.

चार ते वीस, आणि शून्य का नाही

प्रेशर, तापमान, फ्लो, लेव्हल, जे काही मोजायचं ते ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँप करंटमध्ये सांगतो. ४ म्हणजे शून्य टक्के, ८ म्हणजे २५, १२ म्हणजे ५०, १६ म्हणजे ७५ आणि २० म्हणजे शंभर. हे पाच आकडे झोपेतही सांगता आले पाहिजेत. मधल्या कुठल्याही आकड्यासाठी हिशेब सोपा आहे: रेंजचा जितका भाग झाला त्याला १६ ने गुणा आणि ४ मिळवा. ० ते १० किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर ट्रान्समीटर ६.५ किलो दाखवत असेल तर ०.६५ गुणिले १६, म्हणजे १०.४, अधिक ४, म्हणजे १४.४ मिलिअँप. मीटरवर १४.४ दिसले आणि स्क्रीनवर ६.५ नसेल तर ट्रान्समीटर निर्दोष आहे, भानगड पुढे आहे. स्क्रीनवर दिसणारी रेंज आणि ट्रान्समीटरमध्ये भरलेली रेंज जुळत नसणं हा नव्या प्लांटमधला फार नेहमीचा घोळ आहे.

सुरुवात चारपासून करण्याची कारणं दोन. शून्य प्रेशरलाही ४ मिलिअँप वाहतात, त्यामुळे करंट खरंच शून्य झाला तर वायर तुटली हे लगेच कळतं. दुसरं म्हणजे, टू-वायर ट्रान्समीटर त्याच दोन वायरींवर जगतो. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारी वीज त्या पहिल्या चार मिलिअँपच्या आत भागते.

आजचे बरेच ट्रान्समीटर ३.८ ते २०.५ ही खरी मोजणी मानतात. सेन्सर बिघडला तर मुद्दाम ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जातात. म्हणून आकडा दिसला की त्याचा अर्थ लावायची सवय करा. पूर्ण शून्य म्हणजे ओपन सर्किट, उडालेला फ्यूज किंवा उलटी पोलॅरिटी. ३.६ किंवा २१.५ वर थांबलेला म्हणजे ट्रान्समीटर स्वतः सांगतोय की मला बरं नाही. आणि ११.३७ वर तासभर न हलणारा आकडा सगळ्यात फसवा, कारण तो अगदी तब्येतीत दिसतो. चालू प्लांटमध्ये खरं प्रेशर थोडंतरी थरथरतं. सरळ रेषा दिसली की इम्पल्स लाइन (प्रेशर ट्रान्समीटरपर्यंत आणणारी बारीक नळी) चोक झाल्याचा संशय घ्या. बगॅस बॉयलरच्या फर्नेस ड्राफ्टला हे हमखास होतं. तिथे उणे काही मिलिमीटर पाण्याइतकंच प्रेशर मोजायचं असतं आणि राख लाइनमध्ये बसते.

वायर न सोडवता मोजा

जुन्या सवयी इथेच आडव्या येतात. करंट मोजायचा तर मीटर सिरीजमध्ये, म्हणजे वायर सोडवणं आलं. चालू लूपवर, म्हणजे ट्रान्समीटर, वायरी आणि पलीकडचं इनपुट यांच्या चालू सर्किटवर, ते करू नका. त्याऐवजी तीन वाटा आहेत.

पॅनेलमध्ये इनपुटला २५० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्याच्या दोन टोकांना व्होल्ट मोजा. ४ मिलिअँपला १ व्होल्ट, २० ला ५ व्होल्ट. ३ व्होल्ट आले म्हणजे १२ मिलिअँप. काहीच सोडवावं लागत नाही.

दुसरी वाट: पुष्कळ ट्रान्समीटरवर टेस्ट लिहिलेली टर्मिनल असतात. आत एक डायोड असतो. मिलिअँप रेंजवरचा मीटर त्या दोन टोकांना लावला की करंट मीटरमधून जातो आणि लूप तुटत नाही. पण हाच मीटर चुकून प्लस आणि मायनसला लावलात तर ट्रान्समीटरला वळसा घालून करंट उसळी मारतो आणि पलीकडे हाय अलार्म वाजतो. प्रोब लावण्याआधी टर्मिनलवरची अक्षरं टॉर्च लावून वाचा. कितीही घाई असली तरी.

तिसरी म्हणजे मिलिअँपचा खास क्लॅम्प मीटर. तुमचा नेहमीचा मोटारीचा क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही.

हेही पाहा. मीटरची प्रोब मिलिअँपच्या भोकात विसरली आणि नंतर त्याच मीटरने व्होल्ट बघायला गेलात की आतला फ्यूज जातो. त्यानंतर तो मीटर कुठल्याही लूपवर शून्य मिलिअँप दाखवतो आणि तुम्ही ट्रान्समीटर मेला म्हणून अहवाल देता. सकाळी ड्यूटीवर आल्यावर लूप कॅलिब्रेटरमधून १२ मिलिअँप सोडून मीटर तपासायला अर्धं मिनिट लागतं.

आता मेगर. पॉवर केबल टाकली की मेगर करणं हा आपला धर्म. सिग्नल केबलवर मात्र दोन्ही टोकं मोकळी केल्याशिवाय मेगर लावायचाच नाही. ५०० व्होल्ट ट्रान्समीटरच्या किंवा इनपुट कार्डाच्या आत गेले तर ती वस्तू परत येत नाही.

चोवीस व्होल्ट कुठे खर्च होतात

एक बिघाड नव्या माणसाला दिवसभर घुमवतो: रीडिंग खालच्या भागात बरोबर असतं आणि वर गेलं की अडतं. प्लांट ८० टक्क्यांवर, स्क्रीन ६५ वर थांबलेली. ट्रान्समीटर बदलला तरी तेच.

हिशेब मांडा. पॉवर सप्लाय २४ व्होल्ट. २० मिलिअँपला २५० ओहमवर ५ व्होल्ट गेले. झेनर बॅरिअर (धोक्याच्या भागात जाणारी ऊर्जा कमी ठेवणारं साधन) असेल आणि त्याचा रेझिस्टन्स ३०० ओहम धरला तर आणखी ६ गेले. दीड स्क्वेअर एमएमची केबल ५०० मीटर असेल तर जाऊन-येऊन एक किलोमीटर, साधारण १२ ओहम, म्हणजे पाव व्होल्ट. ट्रान्समीटरच्या पदरात उरले पावणेतेरा. त्याला किमान साडेदहा ते बारा लागतात. आता एखादं टर्मिनल गंजलं, किंवा कुणी लूपमध्ये जास्तीचा इंडिकेटर घातला, की वरच्या करंटला व्होल्टेज पुरत नाही. ४ मिलिअँपला मात्र सगळं छान दिसतं, कारण करंट कमी तर ड्रॉपही कमी. म्हणून ट्रान्समीटरच्या टोकाला व्होल्टेज मोजाल तेव्हा करंट किती आहे तेही वहीत त्याच ओळीत लिहा.

केबलबद्दल थोडक्यात. सिग्नल केबलचं शील्ड एकाच टोकाला अर्थ करायचं, सहसा पॅनेलच्या बाजूला. फील्डच्या बाजूला कापून टेप मारायचं. दोन्हीकडे अर्थ केलं की शील्डमधूनच करंट फिरतो आणि रीडिंग डुलायला लागतं. पॉवर केबलच्या ट्रेमध्ये सिग्नल केबल टाकू नका, व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलजवळ तर नाहीच. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

तापमान: लाल वायर प्लस नाही

तापमानाचे सेन्सर दोन: आरटीडी, ज्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, आणि थर्मोकपल. पीटी-१०० आरटीडी ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम असतो, म्हणजे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहम. थ्री-वायर आरटीडी हेडमधून (सेन्सरच्या जोडणीच्या डबीतून) सोडवला की मीटर ओहमवर लावा. एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये एखाद-दुसरा ओहम यायला हवा, तो नुसता वायरीचा. त्यांपैकी एक आणि तिसरी वेगळ्या रंगाची यांत ३० अंशाच्या खोलीत १११ ते ११३ ओहम. तो सेन्सर हातात धरा, आकडा हळूहळू चढताना दिसेल. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंत की पुस्तकातलं टेबल पाठ करायला लागत नाही.

थर्मोकपल स्वतः मिलिव्होल्ट तयार करतो. के टाइपचे १०० अंशाला ४.०९६ मिलिव्होल्ट, तेही दुसरं टोक ० अंशाला धरून. इथे रंगांचा सापळा आहे. अमेरिकन पद्धतीत के टाइपची पिवळी वायर प्लस आणि लाल वायर मायनस. आयईसी पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. लाल म्हणजे प्लस ही आपल्या हाडात मुरलेली समजूत इथे उलटी पडते. उलटं जोडलं तर भट्टी तापते तसं रीडिंग खाली जातं.

थर्मोकपलच्या हेडपासून पॅनेलपर्यंत साधी तांब्याची वायर ओढण्याची चूक इलेक्ट्रिशियनच करतो, कारण कंटिन्युइटी व्यवस्थित मिळते. पण हेडजवळ ७० अंश आणि पॅनेलमध्ये ३० असतील तर रीडिंग जवळजवळ ४० अंश कमी येईल. त्या जागी त्याच टाइपची कॉम्पेन्सेटिंग किंवा एक्स्टेन्शन केबलच लागते. शंका आली की पॅनेलच्या इनपुटला दोन्ही टर्मिनल वायरच्या तुकड्याने शॉर्ट करा. इंडिकेटरने टर्मिनलजवळचं तापमान दाखवलं तर इंडिकेटर ठीक, दोष बाहेर. अर्थात त्या पॉइंटवर ट्रिप किंवा कंट्रोल नाही हे आधी पक्कं करून.

डीपी ट्रान्समीटर आणि तीन व्हॉल्व्ह

डिफरन्शियल प्रेशर (डीपी, म्हणजे दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक) ट्रान्समीटरवर जास्त वेळ द्या. फ्लो, लेव्हल, फिल्टरचा चोक, सगळं तो मोजतो. त्याला एच (हाय) आणि एल (लो) अशा दोन बाजू, आणि त्याखाली थ्री-व्हॉल्व्ह मॅनिफोल्ड: एकेक बाजू बंद करणारे दोन आयसोलेशन, मध्ये दोन्ही बाजू जोडणारा एक इक्वलायझिंग.

सेवेतून काढताना आधी एलचा आयसोलेशन बंद, मग इक्वलायझिंग उघडा, शेवटी एचचा बंद. सेवेत घेताना उलट: इक्वलायझिंग उघडा असताना एच हळू उघडा, झिरो बघा, इक्वलायझिंग बंद करा, मग एल उघडा. तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे कधीच राहू देऊ नका. वाफेच्या लाइनवर तसं झालं तर कंडेन्सेट पॉटमधलं (गार झालेल्या वाफेचं पाणी साठवणाऱ्या भांड्यातलं) पाणी निघून जातं आणि तापलेली वाफ थेट ट्रान्समीटरच्या डायफ्रामवर येते.

फ्लोमध्ये वर्गमूळ असतं. डीपी २५ टक्के असेल तर फ्लो ५० टक्के. हे वर्गमूळ ट्रान्समीटरमध्ये काढा किंवा डीसीएसमध्ये (कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटर यंत्रणेत), पण एकाच ठिकाणी. दोन्हीकडे लावलं तर खरा फ्लो ५० असताना स्क्रीन ७० च्या वर दाखवते.

बॉयलर ड्रमची लेव्हल हा खरा अवघड विषय, आणि माझा जिवाचा. ड्रमच्या वरच्या टॅपिंगमधून (नळी जोडायच्या जागेतून) येणारी लाइन कायम पाण्याने भरलेली असते, तिला वेट लेग म्हणतात. ती एलला आणि खालचं टॅपिंग एचला जोडलेलं असेल, दोन टॅपिंगमध्ये ६०० मिलिमीटर अंतर असेल, तर थंड पाण्याच्या हिशेबात रेंज उणे ६०० ते शून्य अशी येते. नवा माणूस उणे आकडा बघून एच-एल उलटे लागले असं समजतो. नीट पाहा: इथे डीपी शून्य म्हणजे ड्रम भरलेला. मग इक्वलायझिंग व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला किंवा गळत असला तर? ट्रान्समीटर ‘ड्रम भरलेला’ असं सांगेल आणि फीड वॉटरचा व्हॉल्व्ह बंद होत जाईल, प्रत्यक्षात ड्रम रिकामा होत असताना. वेट लेग रिकामी झाली तरी तोच खोटा आकडा. म्हणून या ट्रान्समीटरला हात लावल्यावर वेट लेग भरल्याची खात्री करा, आणि गेज ग्लासशी (ड्रममधलं पाणी डोळ्यांना दाखवणाऱ्या काचेशी) ताडून पाहिल्याशिवाय लूप ऑटोला देऊ नका. बॉयलर अटेंडंटला शेजारी उभं करा. त्याची नजर गेज ग्लासवर वर्षानुवर्षं बसलेली असते, त्याने ‘जुळतंय’ म्हटल्याशिवाय मी आजही तिथून हलत नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे नुसती रेंज बदलणं नव्हे

हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरच्या सेटिंग्ज बदलायचं यंत्र) हातात आला की वाटतं, आकडे भरले की झालं. कम्युनिकेटरवरून लोअर आणि अप्पर रेंज बदलली तर ४ आणि २० कशाला म्हणायचं एवढंच बदलतं. सेन्सर खरं मोजतोय का हे कळायला बाहेरून खात्रीचं प्रेशर द्यावं लागतं: हँड पंप आणि मास्टर गेज, ज्याचं सर्टिफिकेट चालू आहे.

पद्धत अशी. आधी काहीही न फिरवता ०, २५, ५०, ७५, १०० टक्के प्रेशर द्या आणि मिलिअँप लिहा. मग तसंच उलट उतरत या. चढताना आणि उतरताना फरक आला तर तो हिस्टेरिसिस. सगळीकडे सारखीच चूक असेल तर झिरो सरकलाय. चूक वर जाताना वाढत असेल तर स्पॅन, म्हणजे रेंजची रुंदी, चुकलाय. मगच ट्रिम करा, म्हणजे ती चूक काढा, आणि पुन्हा पाचही पॉइंट घ्या. हात लावण्याआधीचे आकडे लिहायचा कंटाळा बरेच जण करतात. ते आकडे नसतील तर गेल्या सहा महिन्यांचं रीडिंग किती चुकीचं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

व्हॉल्व्हकडे आधी बघा

कंट्रोल व्हॉल्व्ह हवेवर चालतो, जुन्या भाषेत ३ ते १५ पीएसआय. त्याच्या टॅगवर हवा गेल्यावर तो उघडा राहतो की बंद, हे वाचा आणि त्याचं कारण समजून घ्या. इंधनाचा व्हॉल्व्ह हवा गेली की बंद व्हायला हवा, कूलिंग वॉटरचा उघडा. हे कळलं नाही तर एअर लाइनचा कॉक फिरवताना तुम्ही प्लांटचं काय करताय हेच तुम्हाला कळणार नाही. स्ट्रोक तपासताना स्टेमपासून (व्हॉल्व्हच्या हलणाऱ्या दांड्यापासून) बोटं लांब ठेवा.

लूप हंटिंग करतोय, रीडिंग वरखाली होतंय, अशी तक्रार आली की सगळे पीआयडीचे (कंट्रोलरच्या ट्यूनिंगचे) आकडे बदलायला धावतात. थांबा. ऑपरेटरला सांगून कंट्रोलर मॅन्युअलला घ्या. हंटिंग थांबलं नाही तर दोष या लूपच्या बाहेरून येतोय, पंपाकडून किंवा शेजारच्या लूपकडून. थांबलं तर आउटपुट एकेक टक्क्याने बदला आणि स्टेमकडे बघा. तीन-चार टक्के काहीच हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो, असं दिसलं तर ग्लँड पॅकिंग (स्टेमभोवतीचं सील) घट्ट झालंय किंवा पोझिशनर (स्टेमला हव्या त्या जागी नेणारं साधन) बिघडलाय. अशा व्हॉल्व्हवर कुठलंही ट्यूनिंग बसत नाही. व्हॉल्व्ह गुळगुळीत चालतोय याची खात्री झाल्यावरच गेनला हात लावा. एका वेळी एकच आकडा बदला, आणि जुना आकडा वहीत लिहून.

झाकण उघडण्याआधी

रसायन, सॉल्व्हंट, गॅस असलेल्या प्लांटमध्ये झोन शून्य, एक, दोन असे धोक्याचे भाग आखलेले असतात. तिथे दोन प्रकारची साधनं भेटतील. फ्लेमप्रूफ बॉक्स जाड असतो. आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर येऊ नये म्हणून त्याचे सगळे बोल्ट आणि योग्य ग्लँड लागतात. एक बोल्ट गायब म्हणजे तो साधा डबा. सप्लाय चालू असताना तो उघडायचा नाही. दुसरा प्रकार इन्ट्रिन्सिकली सेफ, ओळख म्हणजे फिकट निळी केबल आणि निळी टर्मिनल. तिथे बॅरिअर ऊर्जाच इतकी कमी ठेवतो की ठिणगीने गॅस पेटू नये. पण तुमचा साधा मल्टिमीटर आणि मोबाइल त्या हिशेबात धरलेला नाही. परमिट आणि गॅस टेस्टिंगशिवाय ते आत न्यायचे नाहीत.

आणि परमिट म्हणजे कागदावर सही एवढंच नाही. लूपला हात लावण्याआधी वॉकीटॉकीवर ऑपरेटरला टॅग नंबर सांगा, त्याच्याकडून तोच नंबर परत वदवून घ्या, कंट्रोलर मॅन्युअलला गेला का विचारा. इंटरलॉक असेल तर बायपासची लेखी परवानगी आणि रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद. काम झाल्यावर बायपास काढल्याची नोंद त्याच पानावर, दुसऱ्या शिफ्टवर न सोडता.

शिकायचं कुठे

आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हा वेगळा ट्रेड आहे, आणि केमिकल प्लांटसाठीचा आणखी एक. इलेक्ट्रिशियन झालेल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायलाच हवं असं नाही. तुम्हाला ड्रॉइंग वाचता येतं, ग्लँड मारता येतो, लॉकआउटची शिस्त आहे. कमी आहे ती प्रोसेसची ओळख. तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ या रासायनिक पट्ट्यांत शटडाउनच्या कामाला कंत्राटदारांकडे माणसं लागतात, तिथून आत शिरता येतं. पण माझ्या मते सगळ्यात चांगली शाळा म्हणजे को-जनरेशन असलेल्या, म्हणजे वीजही बनवणाऱ्या, साखर कारखान्याचा ऑफ सीझन. गाळप संपलं की एकेक ट्रान्समीटर खाली उतरतो, इम्पल्स लाइन उघडून साफ होतात, व्हॉल्व्ह खोलले जातात. प्लांट थंड असतो, ट्रिप होण्याची भीती नाही, आणि शिकवायला जुन्या माणसांकडे वेळ असतो.

पहिल्या महिन्यात एकच लूप निवडा. पी अँड आयडी ड्रॉइंगवर (पाइप आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणाऱ्या नकाशावर) त्याचा टॅग शोधा. पहिलं अक्षर काय मोजतं ते सांगतं: पी प्रेशर, टी टेम्परेचर, एफ फ्लो, एल लेव्हल. पुढची अक्षरं ते साधन काय करतं ते सांगतात, म्हणजे एफटी हा फ्लो ट्रान्समीटर, एफआयसी हा फ्लो दाखवणारा कंट्रोलर. मग पाइपवरच्या टॅपिंगपासून चालायला लागा. इम्पल्स लाइन, मॅनिफोल्ड, ट्रान्समीटर, जंक्शन बॉक्स, मार्शलिंग पॅनेल (फील्डच्या केबल एकत्र येतात ते), बॅरिअर, इनपुट कार्ड, स्क्रीन, आणि तिथून परत आउटपुट कार्ड, पोझिशनर, व्हॉल्व्ह. प्रत्येक ठिकाणचा टर्मिनल नंबर आणि फेरूल (वायरीवरच्या नळीवरचा नंबर) स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवा. ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष यांत दोन-तीन ठिकाणी फरक सापडेल, तो सुपरवायझरला दाखवा. आणि ऑपरेटरशेजारी खुर्ची ओढून बसा, त्याला विचारा की हे रीडिंग गेलं तर तो पहिल्यांदा काय करतो. ते उत्तर टॅग नंबरच्या शेजारी लिहून ठेवा.